हुंकार

आदित्यराणूबाईच्या कहाणीचा बराचसा भाग ऐकणाऱ्याच्या शोधात खर्च झाला आहे. बाप थोरल्या मुलीकडे जातो आणि माझी कहाणी ऐक म्हणतो. ती राजाची राणी. तिला त्या दिवशी सवड नसते. धाकटी ऐकते. पुढे थोरलीला दारिद्र्य येते, हाल होतात, धाकटीच्या घरी ती कहाणी तिच्या कानी पडते, आणि दैव पालटल्यावर परतीच्या वाटेवर तीच थोरली नगरात उपाशी कोणी आहे काय याचा शोध करविते. एकदा ज्या कहाणीला तिने कान दिला नाही, ती सांगण्यासाठी तिला आता श्रोता हवा असतो. मुक्कामामुक्कामावर तिला मोळीविक्या भेटतो, माळी भेटतो, मुलांना मुकलेली म्हातारी भेटते. सहा मोत्यांपैकी तीन सांगणारीने हाती घ्यावयाची आणि तीन ऐकणाऱ्याला द्यावयाची, असा त्या कहाणीचा दंडक आहे. सांगणे आणि ऐकणे यांची इतकी काटेकोर समान वाटणी अन्यत्र क्वचित आढळेल.

ही कहाणी ज्या बाईंना तोंडपाठ होती, त्या 2024 सालच्या मार्च महिन्यात महादेवपुऱ्यातील एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला होता. खाली पाण्याचा टँकर आला होता. त्या उन्हाळ्यात बंगळूरच्या या पूर्वभागात कूपनलिका आटल्या होत्या आणि टँकरचा मोटारपंप हाच दुपारचा घड्याळाचा ठोका झाला होता. पडद्यावर पुण्याच्या समुपदेशक बाई दिसू लागल्या. पंचवीसहून अधिक वर्षे लोकांची दुःखे ऐकलेला तो चेहरा होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?"

प्रश्न शिरस्त्याचा होता. दुरून समुपदेशन करणाऱ्यास तो विचारावाच लागतो. भिंतीआड कोण आहे हे त्याला दिसत नाही. पण त्याचे उत्तर देण्यास बाईंना वेळ लागला. दोन वर्षे त्या जेथे जेथे गेल्या, तेथे तेथे त्या एकट्याच होत्या. आणि या घरात आल्यापासून त्यांना एकटे असे क्षणभरही बसता आले नव्हते.

बाई मूळच्या कराडच्या. तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे त्यांनी मराठी शिकविले. 2019 साली त्या निवृत्त झाल्या, 2022 साली पती निवर्तले आणि 2023 च्या जूनमध्ये मुलाने त्यांना बंगळूरला आणले. तीन वेळा आयुष्याची घडी मोडली. होम्स आणि राहे या दोन अमेरिकी संशोधकांनी 1967 साली अशा घटनांचे एक कोष्टक प्रसिद्ध केले होते. माणसाच्या प्रकृतीवर कोणत्या स्थित्यंतराचा किती भार पडतो, याचे त्यात गुण दिले आहेत. जोडीदाराच्या मृत्यूस 100, निवृत्तीस 45, राहते घर बदलण्यास 20. त्रेचाळीस घटनांच्या त्या यादीत भाषा बदलण्यास मात्र जागा नाही. ज्यांनी ती केली त्यांना घर बदलले म्हणून भोवतालची भाषाही बदलेल, हे तितकेसे सुचले नसावे. भारतात तर एक रात्र रेल्वेत काढली की पुरते.

महादेवपुऱ्यात ती रोजची गोष्ट आहे. एके काळी ही तळ्याकाठची खेडी. 2007 साली येथील नगरपरिषद बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाली, आणि संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी या गावांना विळखा घातला. इमारतीच्या उद्वाहकात कानडी, तेलुगू, तमिळ, मल्याळी, हिंदी आणि इंग्रजी एका खेपेत ऐकू येतात. पूर्वीही या शहराला बहुभाषा अपरिचित नव्हत्या. 1638 नंतर शहाजीराजांचा मुक्काम येथे झाला. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त नाना भाषांतील कवने एकाच दरबारात म्हटली जातात. राजवाड्यांनी तो ग्रंथ 1922 साली छापला. बाईंनी एम. ए. करताना तो चाळला होता. इतक्या भाषांत राजाची स्तुती करणारा कवी घरचे काही बिनसले असता कोणत्या भाषेत बोलत असेल, हा प्रश्न मात्र तेव्हा परीक्षेत आला नव्हता.

बाईंचे काय बिनसले आहे हे घरात प्रथम सुनेच्या ध्यानात आले. जेवण कमी झाले होते. दूध उतू गेले तरी त्या शेजारी उभ्याच असत. पहाटे साडेचारला जाग येई आणि मग छातीत धडधडत राही. तपासणीत हृदय निरोगी निघाले. मुलगा एकदा म्हणाला, "आई, निम्हान्सला दाखवू या का?" बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पश्चिम महाराष्ट्रात ‘येरवडा’ या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, तोच बंगळुरात ‘निम्हान्स’ला आहे, हे त्यांना शेजारणीकडून कळले होते. 1847 साली वेड्यांचे इस्पितळ म्हणून ज्याचा आरंभ झाला, 1954 साली जे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था झाले आणि 1974 साली ज्याला आजचे रूप आले, त्या संस्थेच्या नावामागची ही सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची वाटचाल लोकांच्या बोलण्यात कुठेच उतरलेली नाही. बोलण्यात अजून 1847 च आहे.

म्हणून मुलाने घरबसल्याचा मार्ग काढला. त्याच्या कंपनीने नोकरांच्या कुटुंबीयांसाठी दूरस्थ समुपदेशनाची सोय ठेवली होती. पहिल्या खेपेस एक तरुण मुलगी पडद्यावर आली. ती गोड बोलणारी होती, हिंदी आणि इंग्रजी जाणणारी होती. शून्य ते दहा यांत तुमचा ‘स्ट्रेस’ किती, असे तिने विचारले. बाईंनी सात सांगितले. बत्तीस वर्षे गुण देण्याची सवय होती, पण हे कशाचे गुण हे त्यांना उमगले नाही. ‘स्ट्रेस’ हा शब्द पोलाद आणि तुळया यांच्या शास्त्रातून आला. हान्स सेल्ये यांनी 1936 साली शरीराच्या प्रतिक्रियांविषयी जे मांडले, त्यातून पुढे तो माणसांना लागू झाला. तुळईवरचा भार आकड्यांत सांगता येतो. मराठी माणूस आपल्या भाराची जागा सांगतो. पोटात कालवते, उरात धडधडते, जीव घाबरा होतो, जीव टांगणीला लागतो, जीव कशातच रमत नाही, असे म्हणतो. आणि या साऱ्यांपेक्षा साधे, साऱ्यांपेक्षा अवघड असे एक वाक्य त्याच्यापाशी असते: करमत नाही.

बाईंनी ते हिंदीत सांगून पाहिले. "मन नहीं लगता," त्या म्हणाल्या. ते चुकीचे नव्हते. पण अपुरे होते. हिंदी वाक्यात निदान मन तरी आहे, आणि ते कशाला लागत नाही असे विचारता येते. तिने तसे विचारलेही. ‘मला करमत नाही’ या मराठी वाक्यात मनही नाही आणि करणाराही नाही. ‘मला’ एवढे एक रूप आहे, ज्याच्या वाट्याला काही येते किंवा येत नाही. काही केल्याने करमत नाही, आणि काही न केल्यानेही करमत नाही. जिने हे वाक्य लहानपणी आजोळाहून परतताना उच्चारले असेल, तिलाच त्याचे वजन ठाऊक. दोष त्या मुलीचा नव्हता. तिने नेमका उपदेश केला: श्वासाचा व्यायाम, सकाळचे फिरणे, दैनंदिनी. बाईंनी ते सर्व निष्ठेने केले, आणि तिसऱ्या खेपेनंतर पुढची वेळ घेतली नाही.

पुण्याच्या बाई मिळाल्या त्या एका जुन्या सहशिक्षिकेच्या ओळखीतून. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारले, "तुम्हाला काय म्हणू?" उत्तर आले, "शाळेत सगळे बाई म्हणायचे." "मग मीही बाईच म्हणते," त्या म्हणाल्या, आणि बाई त्यांना ताई म्हणू लागल्या. मग काही व्यवहाराच्या गोष्टी ठरल्या. घरचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक त्यांनी लिहून घेतला. न जाणो, कधी प्रसंग आला तर. वीज जाऊन पडदा काळा झाला तर फोन ताईंनी करावयाचा, बाईंनी वाट पाहावयाची. आणि डबा थोडा मागे सरकवा, तुमचे हात मला दिसू देत, असेही त्यांनी सांगितले. चेहरा आवरता येतो. हातांना तितकेसे साधत नाही.

दुरून दुःख ऐकण्याची रीत तशी नवी नव्हे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात 1927 पासून 1953 पर्यंत कोणीही अनोळखी वाचक आपली अडचण लिहून पाठवी आणि कर्वे तिला छापील उत्तर देत. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर खटलाही झाला, आणि 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. जे शेजाऱ्याला सांगता येत नाही ते मुंबईच्या पत्त्यावर लिहिता येते, हे मराठी वाचकाला तेव्हाच कळले होते. 1953 सालीच लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारापर्यंत आलेल्यांसाठी एका चर्चमध्ये दूरध्वनी ठेवला. 1966 साली जोसेफ वायझेनबाउम यांनी संगणकाला समुपदेशकासारखी प्रत्युत्तरे देण्यास शिकविले, तेव्हा यंत्राशी बोलताना त्यांच्या चिटणीस बाईंनी त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे ते नमूद करतात. ऐकणारा यंत्र आहे हे ठाऊक असूनही माणसाला दार लावून घ्यावेसे वाटते. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत दूरस्थ उपचारांना नियमांची चौकट मिळाली, आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी याच बंगळुरातून, निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली, ‘टेलिमानस’ ही देशव्यापी सेवा सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक. वीस भाषांत तेथे बोलता येते. मराठी त्यांपैकी एक. संस्थेच्या दाराशी जाण्यास जे कचरतात त्यांच्यापर्यंत संस्थाच आवाज होऊन येते, हे या व्यवस्थेचे मोल होय.

तथापि दुरून ऐकण्यात एक उणीव आहे, आणि ती तंत्राने भरून निघत नाही. समोरासमोर बसलेली दोन माणसे गप्प झाली तर ती शांतता दोघांची असते. पडद्यावर गप्प झालेले माणूस आणि तुटलेली जोडणी सारखीच दिसते. म्हणूनच अशा संभाषणात सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा प्रश्न ‘आवाज येतोय का?’ हा असतो. जेथे माणूस बोलण्याच्या काठाशी आलेला असतो, नेमका तेथेच तो प्रश्न येतो आणि काठ सुटतो.

बाईंची पाचवी भेट होती. कराडचे घर भाड्याने द्यावे असे मुलाचे म्हणणे होते आणि त्याविषयी बोलणे चालले होते. कपाटे कोठे ठेवावयाची, पुस्तके कोणाला द्यावयाची. ताईंनी विचारले, "आणि त्यांची खोली?" बाई बोलल्या नाहीत. खाली टँकरचा पंप चालू होता. पडद्यावर बाईंचे दोन्ही हात मांडीवर स्थिर होते. अर्धे मिनिट गेले, एक मिनिट गेले. ताईंनी आवाज येतोय का असे विचारले नाही. थोड्या वेळाने त्या नुसते "हं" म्हणाल्या. आणखी बराच वेळ गेला. पुन्हा "हं".

हा हुंकार मराठी घरातील गोष्टीचा निम्मा भाग होय. आजी गोष्ट सांगते आणि नातू हं म्हणतो. हं थांबला की नातू झोपला असे समजून गोष्ट थांबते. कीर्तनात टाळकरी आहेत, पोवाड्यात झीलकरी आहेत. सांगणाऱ्याचा स्वर उचलून धरणारे कोणी तरी मागे असावे लागते. लिखित साहित्याचा विचार करताना हा सहकारी दृष्टीआड होतो, कारण छापलेल्या पानावर हुंकार उमटत नाही.

दुसऱ्या हुंकारानंतर बाई बोलल्या. पतीला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याची सवय होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटण तालुक्यातील आपल्या गावी होते, पंधरा वर्षांचे. गोठा बसला. गाय आत होती. चार भावंडे आणि वडील अंधारात हातांनी माती उपसत होते. ही गोष्ट बाईंनी लग्नापासून शंभर वेळा ऐकली होती. प्रत्येक वेळी ते थांबत, ऐकतेस ना म्हणत, आणि बाई हं म्हणत. शेवटच्या आजारात त्यांना रात्री झोप येत नसे आणि गोष्टीला ऊत येई. त्या रात्री बाई दमल्या होत्या. पलीकडच्या खोलीत अंथरुणावर पडूनच त्या ऐकत होत्या. मातीपर्यंत गोष्ट आली. त्यांनी विचारले, "ऐकतेस ना?" बाईंना ऐकू आले. त्या जाग्या होत्या. त्यांनी हं म्हटले नाही. उत्तर दिले तर गोष्ट पुढे चालेल, न दिले तर हे झोपतील, एवढाच विचार मनात होता. खरोखरच ते थांबले. पहाटे साडेचारला बाई उठून गेल्या तेव्हा सर्व संपले होते.

हे त्यांनी मुलाला सांगितले नव्हते, बहिणीला सांगितले नव्हते. पहाटेच्या धडधडीचे मूळ डॉक्टरांना हृदयात सापडणे शक्यच नव्हते.

अशा वेळी सांत्वन करणे सोपे असते. तुमचा काय दोष, तुम्ही थकला होता, हे कोणीही म्हणाले असते. आणि ते खरेही होते. ताई तसे काही म्हणाल्या नाहीत. पडदा आड असल्याने त्यांना पाण्याचा पेला पुढे करता येत नव्हता, हातावर हात ठेवता येत नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "मग गाय निघाली का बाहेर?"

बाईंनी वर पाहिले. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनाही पडला नव्हता. गोष्ट त्या रात्री मातीपाशी थांबली होती ती तेथेच थांबून राहिली होती. तिचा शेवट एकट्या त्यांनाच माहीत होता. त्यांनी तो सांगितला. आधी शिंगे दिसली. मग वडिलांनी तिच्या नाकपुडीतली माती बोटाने काढली आणि ती शिंकली. त्या शिंकेचा आवाज पती हुबेहूब काढीत असत आणि हसत असत. बाई सांगत होत्या आणि ताई हं म्हणत होत्या. गोष्ट संपली तेव्हा खालचा पंप केव्हाच थांबला होता. बाई रडल्या, पुष्कळ रडल्या, आणि ताई काही न बोलता समोर बसून राहिल्या.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. पहाटेची जाग आजही येते. पण तिच्या पाठोपाठ छातीत धडधडतेच असे नाही. भेटी पंधरा दिवसांनी होत, त्या महिन्याने होऊ लागल्या आणि बाराव्या भेटीनंतर संपल्या. कराडचे घर भाड्याने दिले. पतीची खोली वर्षभर कुलुपात ठेवावी असे बाईंनीच मुलाला सांगितले, आणि का ते सांगताना ती रात्रही सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, ती गायीची गोष्ट मला अर्धीच आठवते."

घरी धुण्याभांड्यांना एक कानडी बाई येते. चिक्कबळ्ळापूरकडची, वयाने बाईंहून पंधरा वर्षांनी लहान. सुरुवातीच्या दिवसांत बाई स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या असताना ती एकदा म्हणाली होती, "बेजारु माडकोबेडि, अम्मा." बाईंना कानडी येत नव्हते, पण बेजार हा शब्द फारसीतून दोन्ही भाषांनी घेतलेला. मराठीत तो त्रासाकडे झुकला, कानडीत उदासीकडे. तरी तो ओळखू आला. वाईट वाटून घेऊ नका, एवढे कळले. घराबाहेरच्या कोणी त्यांच्या दुःखाला दिलेले ते पहिले नाव होते, आणि ते त्यांना भाषांतरावाचून पोचले होते.

हल्ली दुपारी काम उरकल्यावर ती ओट्याशी बसते. तिचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला आहे, तो कोठे आहे हे कळत नाही. ती कानडीत सांगते. बाईंना त्यातील निम्मे समजते, कधी निम्म्याहूनही कमी. मध्येच ती थांबते आणि पाहते. बाई हं म्हणतात. कानडीत आणि मराठीत या शब्दात फारसा भेद नाही. ती पुढे सांगू लागते, आणि बाई हातातले तांदूळ निवडायचे थांबवून ऐकत राहतात.